भाषा शिकण्याचे वय आणि वर्गातील अर्धा तास

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इयत्ता पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात जो वाद झाला, त्यात एक शासन निर्णय निघाला, त्यावर दुरुस्तीचा दुसरा निघाला, जूनअखेरीस दोन्ही मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. हिंदी की मराठी, सक्ती की ऐच्छिक, केंद्र की राज्य या प्रश्नांवर भरपूर लिहून आले आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. मला लिहायचे आहे ते त्या वादात दोन्ही बाजूंनी न तपासता वापरलेल्या एका विधानाबद्दल. ‘लहान वयात मुले भाषा चटकन शिकतात’ हे ते विधान. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौथ्या प्रकरणात २ ते ८ या वयात मुले अतिशय वेगाने भाषा आत्मसात करतात असे म्हटले आहे. पहिलीपासून भाषा वाढवण्याचे समर्थन करणाऱ्यांनी तेच पुढे केले आणि विरोध करणाऱ्यांपैकीही अनेकांनी ‘ते खरे असले तरी मुलांवर ओझे पडते’ एवढेच उत्तर दिले. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यावर आणि निवृत्तीनंतर परप्रांतांतून आलेल्या प्रौढांना मराठी शिकवत असताना माझी खात्री झाली आहे, आणि या विषयावरचे संशोधनही तेच सांगते, की हे विधान ज्या परिस्थितीत खरे ठरते ती आपल्या शाळेच्या वर्गात नसते. आणि ज्या परिस्थितीत आपली शाळा चालते, तिथे ते जवळजवळ उलटे आहे.

त्या विधानात तथ्य किती आहे हे आधी सांगायला हवे, कारण ते थोडेथोडके नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेला आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा, कारण त्यात हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’ या ध्वनींचा वापर केला होता. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या तान्ह्या बाळांना या दोन ध्वनींमधला फरक कळत होता. इंग्रजीभाषक प्रौढांना मात्र तो ओळखणे फार जड जात होते. दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ती क्षमता बरीचशी मावळलेली आढळली. म्हणजे मूल स्वतः बोलू लागण्याआधीच त्याचा कान घरच्या भाषेला जुळत जातो आणि त्या भाषेला नको असलेले भेद सोडून देतो. परदेशी पाहुणा ‘टाटा’ आणि ‘ताट’ यांत गोंधळतो तेव्हा आपण हसतो, पण त्याच्या कानाचा हा निर्णय त्याचा पहिला वाढदिवस होण्याआधीच झालेला असतो.

व्याकरणाचेही काही प्रमाणात असेच आहे. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली असे मांडले की भाषा आपोआप आत्मसात होण्याला एक ठरावीक काळ असतो आणि तो साधारण वयात येण्याच्या सुमारास संपतो. ही कल्पना त्यांनी मुख्यतः पहिल्या भाषेबद्दल मांडली होती. दुसऱ्या भाषेबाबत तिची तपासणी करणारा, आजही सर्वाधिक उल्लेख होणारा अभ्यास जॅकलीन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांचा, १९८९ सालचा. चिनी किंवा कोरियन मातृभाषा असलेल्या आणि वेगवेगळ्या वयांत अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या ४६ जणांना त्यांनी इंग्रजी वाक्ये ऐकवून ती बरोबर की चूक हे विचारले. तीन ते सात या वयात गेलेल्यांचे गुण जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांइतके होते. त्यापुढे वय वाढत गेले तसे गुण उतरत गेले. आणि सतराव्या वर्षानंतर गेलेल्यांमध्ये वयाचा संबंध उरला नव्हता, कोणी फार चांगले होते तर कोणी कच्चे. हा शेवटचा भाग सहसा सांगितला जात नाही. विशीत गेलेला आणि पस्तिशीत गेलेला यांच्यात वयामुळे ठरावीक फरक पडतो असे त्यात दिसले नाही.

आता हे सगळे लोक कोण होते ते पाहा. ती माणसे एका नव्या देशात राहायला गेली होती, तिथल्या शाळेत, दुकानात, मैदानावर, दूरचित्रवाणीवर तीच भाषा होती आणि अनेक वर्षे होती. आपल्या शाळेतले चित्र काय आहे? शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत. त्यांतला रोज अर्धा तास एखाद्या नव्या भाषेला दिला तर वर्षाचे १०० तास होतात, आणि त्यांतून हजेरी, सुट्ट्या, स्नेहसंमेलन आणि शिक्षकांची इतर कामे वजा करायची असतात. याउलट चार वर्षांचे मूल आईवडिलांबरोबर नव्या प्रांतात राहायला गेले आणि जागेपणीचे निम्मे तास, म्हणजे रोज पाच-सहा तास, नव्या भाषेच्या सहवासात राहिले, तर तेवढे १०० तास त्याला वीस दिवसांत मिळतात. आपल्या मुलाला जे वर्षभरात मिळते ते त्याला महिना संपायच्या आत मिळते, तेही खेळताना, भांडताना आणि भूक लागल्यावर काही मागताना. लहान मूल भाषा शिकते ते अशा गरजेपोटी आणि अशा मुबलकतेत. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेल्या प्रयोगात तर असे दिसले की समोर बसून, खेळत, पुस्तक दाखवत चिनी बोलणाऱ्या बाईंकडून बाळांनी त्या भाषेचे ध्वनी पकडले; त्याच बोलण्याचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवले तेव्हा काहीही पकडले नाही. डिजिटल वर्गाचा दूरचित्रवाणी संच लावून पहिलीच्या मुलांना भाषा येईल असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा, असे मला वाटते.

मग वर्गात काय होते? याचे उत्तर युरोपातल्या तीन देशांनी स्वतःच्या धोरणांची परीक्षा घेऊन दिले आहे. इंग्लंडमध्ये १९६४ पासून अनेक प्राथमिक शाळांत आठव्या वर्षी फ्रेंच सुरू करण्याचा मोठा प्रयोग झाला आणि त्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. क्लेअर बर्स्टल यांच्या १९७४ सालच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की अकराव्या वर्षी फ्रेंच सुरू केलेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांना सोळाव्या वर्षापर्यंत टिकलेला फायदा केवळ ऐकून समजण्यापुरता होता. बोलणे, वाचणे, लिहिणे यांत तो उरला नव्हता. स्पेनमध्ये परकी भाषा सुरू करण्याचे वय अकरावरून आठवर आणले गेले, तेव्हा बार्सिलोना विद्यापीठात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक दुर्मीळ संधी मिळाली. काही वर्षे एकाच शहरात, एकाच प्रकारच्या शाळांत, आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली अशी दोन्ही मुले शिकत होती. त्यांनी वर्गांची तुलना इयत्तेवरून केली नाही, शिकवलेल्या तासांवरून केली: २०० तासांनंतर, ४१६ तासांनंतर आणि ७२६ तासांनंतर. तिन्ही टप्प्यांवर, बहुतेक चाचण्यांत, उशिरा सुरुवात केलेली मोठी मुले पुढे होती. स्वित्झर्लंडच्या झ्युरिक भागात सिमोन फेनिंगर आणि डेव्हिड सिंगल्टन यांनी प्राथमिक शाळेत आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची माध्यमिक शाळेत तेराव्या वर्षी सुरू केलेल्यांशी तुलना केली, तेव्हाही उशिरा आलेल्यांनी ते अंतर अल्पावधीत भरून काढले, असेच दिसले.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी वर्गातली उदाहरणे झाली, प्रत्यक्ष त्या भाषेच्या देशात तरी लहान मुलेच भराभर शिकत असतील. तेही पूर्ण खरे नाही. कॅथरिन स्नो यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांचा डच भाषेतला पहिल्या वर्षभरातला प्रवास तपासला. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधरा वयाची मुले आणि प्रौढ माणसे. वर्षअखेरीस आठ ते दहा आणि बारा ते पंधरा या वयोगटांतली मुले सर्वांच्या पुढे होती. सर्वांत मागे होती तीन ते पाच वर्षांची बालके. स्टीफन क्रॅशन आणि इतरांनी पुढच्याच वर्षी उपलब्ध अभ्यास एकत्र मांडून जे सांगितले ते आजही बहुतांशी मानले जाते: सुरुवातीचा वेग मोठ्यांचा, दूरचा पल्ला लहानांचा. पण तो दूरचा पल्ला गाठायला ती भाषा वर्षानुवर्षे, दिवसभर अवतीभोवती असावी लागते. आपण वर्गात लहानांच्या वाट्याचा दूरचा पल्ला गृहीत धरतो आणि त्यासाठी लागणारी वर्षे व तास देत नाही.

मोठी मुले वेगाने का शिकतात, हे कोणाही भाषाशिक्षकाला रोज दिसते. मराठीतली तीन लिंगे घ्या. ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं’ यांत क्रियापद खाणाऱ्याकडे न पाहता खाल्लेल्या पदार्थाकडे पाहते. मराठी घरातले मूल हे तीन-चार वर्षांचे होईपर्यंत बिनचूक बोलते, कारण तोवर त्याने अशी वाक्ये हजारो वेळा ऐकलेली असतात. अमराठी घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला हे नियम सांगून समजत नाही आणि हजारो वेळा ऐकायला आठवड्याच्या चार-पाच तासिका पुरत नाहीत. तेच अकरा-बारा वर्षांच्या मुलाला तीन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवली की तो मांडणी ओळखतो, वहीत उतरवतो, चौथे वाक्य स्वतः करतो. त्याला वाचता येते, स्वतःच्या भाषेत कर्ता, कर्म, लिंग म्हणजे काय ते माहीत असते, आणि आपण काय चुकलो हे त्याला सांगता येते. राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा २०२० सालचा कायदा अमलात आणताना सुरुवात पहिली आणि सहावी अशा दोन इयत्तांपासून एकदम करण्यात आली होती. अनेक इंग्रजी शाळांत त्या दोन्ही वर्गांना ‘आई, बाबा, घर, झाड’ पासूनच मराठी सुरू झाली असणार. सहावीच्या मुलांनी किती महिन्यांत काय गाठले आणि पहिलीच्या मुलांनी काय, याची नोंद कोणी शास्त्रशुद्ध ठेवली असेल तर ती प्रसिद्ध व्हावी. बार्सिलोनासारखी संधी आपल्याकडेही आयती चालून आली होती.

मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. त्याआधी ती पाचवीपासून होती आणि माझ्या आधीच्या पिढीने तर आठवीपासून सुरू केली. पाचवीपासून इंग्रजी शिकलेली आणि पहिलीपासून शिकलेली अशा दोन्ही तऱ्हांची मुले माझ्यासमोर बसली आहेत. पहिलीपासून शिकलेल्या मुलांना रंगांची, प्राण्यांची नावे येत, कविता येत, आणि मुख्य म्हणजे इंग्रजीची भीती कमी असे. हा शेवटचा फायदा मी कमी लेखत नाही. पण नववीत स्वतःचे चार वाक्यांचे पत्र लिहायला सांगितले की दोन्ही तऱ्हांच्या मुलांत मला फारसा फरक दिसत नसे, आणि दिसलाच तर तो मराठी वाचनाची सवय असलेल्या आणि नसलेल्या मुलांमधला असे. हे माझे निरीक्षण आहे, पाहणी नव्हे, आणि त्याला तेवढेच वजन द्यावे. लहान मुलाच्या अनुकरणशक्तीबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगते. सहा वर्षांचे मूल जे ऐकते ते हुबेहूब उचलते, हे खरेच आहे. म्हणून तर त्याला कोण ऐकवणार हा प्रश्न मोठ्या मुलापेक्षा त्याच्या बाबतीत अधिक गंभीर ठरतो. द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी किंवा बाई एकाच वेळी दोन-तीन इयत्तांचे सगळे विषय शिकवतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात आणि त्यांतच, स्वतःला जी भाषा सहज बोलता येत नाही ती बोलून दाखवतात. हा त्यांचा दोष नाही. पण ज्या वयात कान सर्वांत तयार असतो, त्या वयात आपण त्या कानाला सर्वांत कच्चा नमुना देतो.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा पहिल्या भाषेचा आहे, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कर्णबधिर व्यक्तींवरच्या अभ्यासातून आला आहे. रेचेल मेबेरी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशा प्रौढांची तुलना केली ज्यांनी अमेरिकेतली खुणांची भाषा शाळेच्या वयात, उशिरा शिकली होती. त्यांतले काही जन्मतः कर्णबधिर होते आणि त्याआधी त्यांना कोणतीच भाषा मिळाली नव्हती. काहींना मात्र लहानपणी ऐकू येत होते, बोली भाषा येत होती आणि नंतर श्रवणशक्ती गेली होती. खुणांची भाषा दोघेही सारख्याच उशिरा शिकले, तरी ज्यांच्याजवळ लहानपणी एक पूर्ण भाषा होती ते कितीतरी पुढे होते. दुसरी भाषा उशिरा सुरू झाल्याने जेवढे नुकसान होत नाही तेवढे पहिली भाषा वेळेवर न मिळाल्याने होते, असा याचा सरळ अर्थ आहे. भाषेच्या बाबतीत वयाची खरी निकड असेल तर ती इथे आहे.

महाराष्ट्रात हे कोणाला लागू होते? मेळघाटात कोरकू बोलणारे, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी बोलणारे, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारे आणि तांड्यावर गोरमाटी बोलणारे मूल सहाव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत येते, तेव्हा मराठी हीच त्याची दुसरी भाषा असते. त्याच वर्षी इंग्रजी तिसरी होते, आणि आणखी एक भाषा आली तर ती चौथी. मुंबई-पुण्यात बसून त्रिभाषासूत्रावर बोलणारे आम्ही सगळेच या मुलाला मोजायला विसरतो. त्याच्या घरच्या भाषेत त्याला ना पुस्तक मिळते, ना बहुतेक ठिकाणी शिक्षक, आणि दुसऱ्या भाषेत तो अजून प्रश्नही विचारू शकत नसतो. त्या अवस्थेत त्याला वाचायला शिकवले जाते. मग चौथीत तो अक्षरे जोडून वाचतो पण काय वाचले ते सांगू शकत नाही, आणि आपण म्हणतो की मुलाला गती नाही. ज्या राष्ट्रीय धोरणात २ ते ८ वयाचे वाक्य आहे, त्याच धोरणात त्याच्या लगेच आधी, निदान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत असावे असेही म्हटले आहे. वादात पहिले वाक्य सर्वांनी ऐकवले. दुसऱ्यासाठी कोरकू, पावरी, गोंडी येणारे शिक्षक किती नेमले, हे कोणी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना कळायला हवी. लहान मूल जशी भाषा उचलते तशी टाकूनही देते. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ पालिये यांनी तीन ते आठ या वयात कोरियातून दत्तक आलेल्या आणि आता प्रौढ झालेल्या काही जणांची तपासणी केली. आठ वर्षांच्या वयापर्यंत अस्खलित कोरियन बोलणाऱ्यांनाही ती भाषा इतर अनोळखी भाषांपासून वेगळी ओळखता आली नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत हे सौम्य रूपात रोज घडते. चार वर्षांचे मूल घरात मराठी बोलत असते, बालवाडीत जाऊ लागते आणि दीड-दोन वर्षांत इंग्रजीत उत्तरे देऊ लागते. म्हणूनच तिथल्या मराठी मंडळांना रविवारच्या मराठी शाळा चालवाव्या लागतात. लहानपणी शिकलेली भाषा वापरात राहिली नाही तर ती आयुष्यभराची शिदोरी राहत नाही. पहिली-दुसरीत घाईने सुरू करून पुढे धड न वापरलेल्या भाषेचेही हेच होणार.

आता प्रौढांविषयी, कारण या विधानाचा दुसरा वाईट परिणाम त्यांच्यावर होतो. माझ्याकडे मराठी शिकायला येणारे बँक अधिकारी आणि औद्योगिक वसाहतीतले अभियंते पहिल्याच भेटीत ‘आता या वयात काय येणार’ असे म्हणतात, आणि त्यांतले बरेच जण तिशीचे असतात. महाराष्ट्राच्या सेवेत नेमले गेलेले परप्रांतीय सनदी अधिकारी मसुरीच्या प्रशिक्षणात मराठी शिकू लागतात तेही याच वयाचे असतात, आणि त्यांतले अनेक जण पुढे ग्रामसभेत मराठीत बोलतात. जोशुआ हार्टशोर्न, जोशुआ टेनेनबाउम आणि स्टीव्हन पिंकर यांनी २०१८ साली इंटरनेटवरच्या चाचणीतून जवळपास ६ लाख ७० हजार लोकांची इंग्रजी तपासली, तेव्हा त्यांना असे आढळले की व्याकरण शिकण्याची क्षमता सतरा-अठरा वर्षांपर्यंत जवळजवळ टिकते आणि त्यानंतर उतरते. त्या नेमक्या वयावर पुढे वाद झाला आहे, परंतु सहाव्या-सातव्या वर्षी दार बंद होते ही समजूत त्या आकडेवारीत कुठेच बसत नाही. जन्मजात भाषकासारखे पूर्ण प्रभुत्व हवे असेल तर मात्र दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात व्हावी लागते, असेही त्याच अभ्यासात आहे, कारण तिथवर पोचायला पुष्कळ वर्षे लागतात. प्रौढाच्या बोलण्यात हेल राहतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ते टेबल’ऐवजी ‘तो टेबल’ होते. एवढ्याने काय बिघडते?

मराठीचा इतिहास तर अशा प्रौढ विद्यार्थ्यांचा फार ऋणी आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा तिशीचे होते. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे ११ हजार ओव्या आहेत. त्यांना मधली पस्तीसहून अधिक वर्षे त्याच भूमीत, त्याच लोकांत मिळाली, हे विसरू नये. विल्यम कॅरी १७९३ साली भारतात आले ते बत्तिसाव्या वर्षी. पुढे त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्यांच्यामागे पंडित वैजनाथ यांच्यासारखे जाणकार होते. आमच्या साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर मोठेपणी गुजरातेत गेले आणि गुजरातीत असे लिहू लागले की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. १९६५ सालचा साहित्य अकादमीचा गुजराती पुरस्कारही त्यांना मिळाला. याउलट द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण धारवाडची गल्ली, शाळा आणि मित्र कन्नड. त्यांना दोन्ही भाषा बालपणीच मिळाल्या आणि १९७३ साली ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवी म्हणून. एकाला बालपण मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही. पण शिकलेल्या भाषेत रोज जगणे दोघांनाही मिळाले. अर्थात ही असामान्य माणसे होती आणि त्यांच्यावरून सर्वांचा हिशेब मांडता येणार नाही. सामान्य प्रौढाला अडवते ते मात्र वय कमी आणि आपण जास्त. माझा विद्यार्थी भाजीवाल्याशी, शेजाऱ्याशी, कार्यालयातल्या सहकाऱ्याशी अडखळत मराठीत सुरुवात करतो आणि समोरचा मराठी माणूस दुसऱ्याच वाक्याला हिंदीत उत्तर देतो. त्यामागे सौजन्य असते हे मान्य. पण वर्गात मी जे तास देते त्यांचे खत-पाणी बाहेर मिळायचे असते, आणि ते मिळत नाही. पाहुण्याला अडखळू द्यावे, थांबावे, मराठीतच उत्तर द्यावे. मराठी टिकवण्याची चिंता करणाऱ्यांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल.

या सगळ्यावरून मी पहिलीच्या वर्गातून इतर भाषा हद्दपार करा असे म्हणत नाही. गाणी, गोष्टी, खेळ यांतून कानावर दुसरी भाषा पडत असेल, शिक्षक ती सहज बोलणारे असतील आणि परीक्षा नसेल, तर त्याने कोणाचे नुकसान होत नाही. उलट उच्चारांना थोडा लाभच होईल. पण पाठ्यपुस्तक, वही, तासिका आणि गुण यांसह भाषा सुरू करायची असेल तर ती मुलाला एका भाषेत समजून वाचता येऊ लागल्यावर सुरू करावी, आणि मग रोज अर्धा तास देऊन भागवू नये. पाचवीपासून हिंदी आपल्या शाळांत आहेच. तिथे आठवड्याला दोन तासिका वाढवल्या तर पहिलीपासूनच्या चार वर्षांपेक्षा अधिक हाती लागेल, असे वर सांगितलेल्या अभ्यासांवरून म्हणता येते, आणि त्याला नवे शिक्षकही कमी लागतील.

समितीला आणि शिक्षण विभागाला आपल्या वृत्तपत्रातून माझी एवढीच विनंती आहे की यापुढे कोणतीही भाषा कोणत्या इयत्तेपासून हे ठरवताना त्या निर्णयासोबत तीन आकडे जाहीर करावेत: त्या भाषेला वर्षाचे प्रत्यक्ष तास किती मिळणार, ती भाषा सहज बोलणारे शिक्षक किती शाळांत आहेत, आणि तिसरीअखेर घरच्या भाषेत वाचलेले समजणारी मुले किती आहेत. तिसरा आकडा काढताना मेळघाट, धडगाव आणि भामरागडच्या शाळा स्वतंत्र दाखवाव्यात, राज्याच्या सरासरीत मिसळू नयेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा